चिमणीचे नाव घेणारा माईक

मित्रांनो, चर्चच्या मागच्या खोलीत घडीच्या खुर्च्यांपलीकडे एक पत्र्याचे कपाट आहे. त्याच्या खालच्या कप्प्यात जो चेपलेल्या डोक्याचा माईक पडला आहे, तो मी. माझी वायर कुणीतरी दुसऱ्या कामासाठी कापून नेली आहे. कपाट उघडणाऱ्याचा हात माझ्यावरून जातो आणि खडूच्या डब्याकडे वळतो. पण एके काळी दर रविवारी अख्खी मंडळी माझ्याकडे तोंड करून बसत असे. मंडळी म्हणजे आमच्या चर्चचे सगळे लोक, थोरापोरांसकट.

माझा जन्म एका छोट्या कारखान्यात झाला. तेथे लांब टेबलाशी बायका ओळीने बसून काम करत. त्यांतल्या एकीने केसाहून बारीक तांब्याची तार गुंडाळून माझ्या पोटात बसवली. दुसरीने माझ्या डोक्यावर जाळीची टोपी चढवली. मग एका तपासनीसाने मला तोंडाजवळ धरून विचारले, "ऐकू येतंय का?" या जगातले मी ऐकलेले पहिले वाक्य ते. पुढे जन्मभर लोक मला हेच विचारत आले.

विजेची कामे करणाऱ्या एका माणसाने मला चर्चमध्ये आणून उंच दांडीवर बसवले. आमचे चर्च प्रेस्बिटेरियन पंथाचे आहे. पांढऱ्या भिंती, लांब लाकडी बाके, समोर उंच व्यासपीठ. थाटमाट नाही. कारभार पाळक, म्हणजे उपासना चालवणारे धर्मगुरू, एकटे पाहत नाहीत. मंडळीने निवडलेले पंच आणि पाळक मिळून पाहतात. आता पंच म्हटले की चर्चा आली, आणि चर्चा म्हटली की तिच्या पाठोपाठ सूचना आल्या. मी येण्याआधी मागच्या बाकांवरची म्हातारी माणसे अर्धी उपासना अंदाजाने ऐकत. मी आल्यावर एक आजोबा पाळकसाहेबांना म्हणाले, "इतकी वर्षं तुमचं प्रवचन फार गोड वाटायचं. आता कळायला लागलं." पाळकसाहेब बिचारे हसले. मला मात्र ती शाबासकीच वाटली.

प्रवचन पाळकसाहेबांचे असले, तरी लोक खरे कान टवकारत ते सूचनांच्या वेळी. हिवाळ्यात सूचना दोन-चारच असत. कोण आजारी आहे, कुणाची छत्री बाकाखाली राहिली आहे, एवढेच. वसंत आला की सूचनांनाही पालवी फुटे. अंगणाची सफाई, कुंपणाला रंग, महिला मंडळाची जुन्या कपड्यांची विक्री, गायनमंडळाची जादा तालीम, पुनरुत्थानाच्या रविवारी, म्हणजे ईस्टरला, टेकडीवर सूर्योदयाची उपासना, आणि सगळ्यांत शेवटी संडे स्कूलच्या, म्हणजे चर्चच्या रविवारच्या शाळेच्या, मुलांची नदीकाठची सहल.

या सूचना टेलिफोनताई वाचत. त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कामाला होत्या. दिवसभर लोकांना लोकांशी जोडून देत आणि संध्याकाळी आपल्या दोन खोल्यांत एकट्याच परतत. त्यांच्या श्वासाला पेपरमिंटचा वास येई. आवाज असा, की वरच्या पट्टीत न जाताही शेवटच्या बाकापर्यंत पोचावा.

"शनिवारी सकाळी अंगणाची सफाई आहे," त्या सांगत. "मागच्या वर्षी खराटे पुष्कळ आले होते, माणसं कमी. या वर्षी उलट झालं तर बरं." लोक हसत. मग त्या पुढे म्हणत, "मागच्या वसंतात चर्चची मोठी कात्री ज्यांनी घरी नेली, त्यांचं नाव मी घेणार नाही. त्यांनी आज निळा शर्ट घातलाय." पुढच्या रविवारी कात्री दारात हजर.

मित्रांनो, मला त्या काळी वाटे की माझ्यासारखा सुखी माईक दुसरा नसेल.

आमच्या मंडळीत एक बेकरीवाले कुटुंब होते. बेकरीवाले अबोल. पहाटे उठून भट्टीपुढे उभे राहायचे आणि रविवारी प्रवचनात डुलक्या घ्यायचे. त्यांच्या पत्नीला सगळे वहिनी म्हणत. त्यांची एकुलती एक मुलगी म्हणजे चिमणी. खरे नाव मोठे होते, पण ते हजेरीपुरतेच. एका जागी ठरायची नाही आणि तोंड सतत चालू, म्हणून चिमणी.

चिमणीची आणि माझी दोस्ती होती. उपासना संपून मोठी माणसे दारात गप्पा मारत उभी राहिली, की ती स्टुलावर चढून माझ्या कानाला लागे. मी बंद असे, म्हणून ती मनातले सगळे सांगे. पुढचा दात हलतोय. मांजरीने मैद्याच्या रिकाम्या पोत्यात पिल्ले घातलीत. एकदा मात्र मला बंद करायचे राहून गेले होते. "आई पाळकसाहेबांच्या केकमध्ये साखर घालायला विसरली," तिने मला कुजबुजून सांगितले. "कुणाला सांगू नकोस." ते चर्चभर घुमले. दारातली माणसे पोट धरून हसली. वहिनी लाजून लाल झाल्या आणि पाळकसाहेब म्हणाले, "तरीच!"

त्या वर्षी वसंत लवकर आला. टेलिफोनताईंनी सहलीची सूचना वाचली. बहुतेक मुलांची नावे आली होती, चिमणीचे नव्हते. वहिनी तिला कधीच सहलीला पाठवत नसत. नवसासायासाने झालेली लेक, त्यांचा जीव तिच्यात अडकलेला.

ताई माझ्याजवळ आल्या आणि हसऱ्या आवाजात म्हणाल्या, "बसमध्ये एक जागा रिकामी आहे. ती कुणाची, हे मला ठाऊक आहे. वहिनी, पोरीला पदराखाली किती दिवस झाकून ठेवणार? चिमणीला उडू द्या की जरा."

सगळी मंडळी हसली. वहिनीही हसल्या आणि त्यांनी मान डोलावली. चिमणी बाकावर उभी राहून टाळ्या पिटू लागली.

उपासनेनंतर वहिनी पुढे आल्या. ताई कागद आवरत होत्या. "ताई, ती पाण्याला भीत नाही हो," वहिनी म्हणाल्या. "म्हणून मला भीती वाटते."

"मी आहे ना," ताई म्हणाल्या. "मी तिचा हात धरून ठेवीन."

पुढचे मी पाहिले नाही. चर्चबाहेर मी कधी गेलोच नाही. जे कळले, ते नंतर बाकांवरच्या दबक्या बोलण्यांतून तुकड्या-तुकड्यांनी कळले. ताईंनी सकाळपासून चिमणीचा हात सोडला नव्हता. दुपारी मुलांना भूक लागली. खाण्याचे मोठे डबे उघडायला दोन्ही हात लागले. तेवढ्यात वाऱ्याने एका मुलीची टोपी उडाली आणि पाण्यात पडली. ती आणायला चिमणी धावली. काठापाशी नदी उथळ दिसत होती, पण दोन पावलांवर खोल होती. ताईंनी आहे त्या कपड्यांनिशी उडी घेतली. त्यांना पोहता येत नव्हते. गळ टाकून बसलेल्या एका माणसाने दोघींनाही बाहेर काढले. ताई तेवढ्या वाचल्या.

पुढच्या रविवारी पाळकसाहेब माझ्यासमोर उभे राहिले. मला फक्त त्यांचा श्वास ऐकू येत होता आणि बाकांवरून उठणारे हुंदके. कुणी सूचना वाचल्या नाहीत. बाहेर कुंपण अर्धे रंगवलेले तसेच राहिले.

नंतर पंचांची सभा बसली. सहलीला किती मोठी माणसे गेली होती, कोण कुठे उभे होते, सगळे विचारले गेले. दोष कुणा एकाचा नाही, असा ठराव झाला. ठराव योग्यच होता. पण ठरावाने कुणाच्या डोळ्याला डोळा लागत नाही.

टेलिफोनताई त्यानंतर माझ्यासमोर येईनात. रविवारी त्या उशिरा येत, शेवटच्या बाकाच्या टोकाला बसत आणि शेवटचे गीत सुरू होताच निघून जात. कुणी तोंडावर बोलले नाही. पण त्या बाकावर त्यांच्या शेजारची जागा रिकामी राहू लागली, ती राहिलीच. सूचना वाचण्याचे काम बँकेत कारकून असलेल्या एका गृहस्थांकडे गेले. ते फार सज्जन होते. "सूचना पहिली," ते म्हणत, आणि मग "सूचना दुसरी." सहलीची सूचना कायमची बंद झाली. वसंत दर वर्षी येत होता. चर्चमध्ये मात्र तो दारापर्यंत येऊन थांबे.

वहिनी दर रविवारी येत आणि नेहमीच्याच बाकावर बसत. लोक त्यांच्याशी फार जपून बोलत. चिमणी हा शब्द त्यांच्यासमोर कुणी उच्चारत नसे. एखादी बाई आपल्या मुलीच्या शाळेविषयी बोलत असली आणि वहिनी जवळ आल्या, की बोलणे पटकन हवापाण्यावर जाई. संडे स्कूलमध्ये चिमण्यांचे एक गाणे होते. ते शिकवणाऱ्या बाईंनी वगळून टाकले. यात कुणाचा वाईट हेतू नव्हता, मित्रांनो. माणसे भली होती. जखमेला धक्का लागू नये म्हणून ती लांबून चालत होती. पण इतके लांबून चालायची, की वहिनी मधोमध एकट्याच उरल्या.

अशी काही वर्षे गेली. मग एका वसंतात चर्चची आतली सफाई निघाली. माणसे बाहेर अंगणात होती. आत टेलिफोनताई एकट्याच व्यासपीठ पुसत होत्या. गर्दी टाळायची म्हणून त्यांनी ते काम मागून घेतले होते. ओल्या फडक्याने त्या माझी दांडी पुसत असताना पावले वाजली. वहिनी आत आल्या होत्या.

मी बंद होतो. पण बंद माईकलाही ऐकू येते. फक्त तो पुढे सांगत नाही. आज प्रथमच सांगतो आहे.

"ताई, ते नंतर पुसा. जरा बसा," वहिनी म्हणाल्या.

ताई बसल्या नाहीत. फडके हातात धरून तशाच उभ्या राहिल्या.

"मी तुम्हाला माफ केलं, असं मी पाळकसाहेबांना सांगितलं होतं," वहिनी म्हणाल्या. "ते खरं नाही. म्हणायला हवं म्हणून म्हणाले. मला अजून ते जमलेलं नाही."

"ठाऊक आहे मला," ताई हळूच म्हणाल्या.

"तुम्ही त्या दिवशी थट्टा केलीत आणि मीसुद्धा हसले. सगळ्यांबरोबर हसले. तुमच्यापेक्षा मला त्या हसण्याचा जास्त राग येतो."

ताईंच्या हातातल्या फडक्यातून पाणी टपकत होते. त्यांच्या ते ध्यानातही नव्हते.

"घरी हे तिचं नाव काढत नाहीत," वहिनी पुढे म्हणाल्या. "काढलं की उठून भट्टीकडे जातात. इथं कुणी काढत नाही. गिऱ्हाइकं काढत नाहीत. कधीकधी मला वाटतं, मला मुलगी होती हे मीच मनानं रचलं की काय."

"मी घेते," ताई म्हणाल्या. "रोज घेते. घरी कुणी नसतं, तेव्हा मोठ्यानं घेते."

वहिनी व्यासपीठाच्या पायरीवर बसल्या. थोड्या वेळाने ताईही बसल्या, पण दोन हातांचे अंतर ठेवून.

"पोहण्याच्या तलावावरच्या मास्तरांशी मी बोललेय," वहिनी म्हणाल्या. "आपल्या मंडळीतल्या मुलांना शनिवारी सकाळी पोहायला शिकवायला ते तयार आहेत. पण आईबाप पाठवणार नाहीत. पाण्याचं नाव काढलं तरी इथं माणसं गप्प होतात. पुनरुत्थानाच्या रविवारनंतर सूचना द्यायची आहे. ती तुम्ही द्या."

"मी?" ताईंचा आवाज फाटला. "वहिनी, माझ्या सांगण्यावरून तर..."

"म्हणूनच," वहिनी म्हणाल्या. "कारकूनसाहेबांनी सांगितलं तर ती फक्त सूचना होईल. आणि तिचं नाव घ्या. इथं घ्या, सगळ्यांसमोर. या चर्चमध्ये तिचं नाव शेवटचं हसतखेळत तुम्हीच घेतलं होतं."

ताई हो की नाही म्हणायच्या आतच बाहेरून कुणीतरी बादली मागितली आणि वहिनी उठून गेल्या. ताई मात्र माझ्या पायथ्याशी पुष्कळ वेळ बसून होत्या. व्यासपीठ अर्धे ओले, अर्धे कोरडे राहिले.

सूचनेचा रविवार आला. कारकुनांनी आपल्या सूचना वाचल्या आणि ते म्हणाले, "शेवटची सूचना टेलिफोनताई देतील." बाकांवरची कुजबुज एकदम थांबली. शेवटच्या बाकापासून व्यासपीठापर्यंत येणारी ताईंची पावले मी ऐकली. त्या माझ्यासमोर उभ्या राहिल्या. पेपरमिंटचा वास नव्हता. श्वास मात्र तोच होता, मी ओळखला. त्यांनी माझी दांडी धरली. सगळ्या चर्चमध्ये खरखर ऐकू गेली. त्यांनी हात काढून घेतला.

"सूचना एकच आहे," त्या म्हणाल्या. "येत्या शनिवारपासून सकाळी, गावातल्या पोहण्याच्या तलावावर तिथले मास्तर मुलांना पोहायला शिकवतील. वर्ग बेकरीवाल्या वहिनींनी काढलाय. वर्गाचं नाव..."

त्या थांबल्या. मला वाटले, आता त्या परत फिरतील. मी नुसता माईक. मला त्यांना हात देता येत नव्हता.

"वर्गाचं नाव चिमणी," त्या म्हणाल्या. "चिमणी आपल्या संडे स्कूलमध्ये होती. स्टुलावर उभी राहून बायबलमधलं वचन म्हणायची. तिचा पुढचा दात हलत होता. तिला पोहता येत नव्हतं. मलाही येत नव्हतं. मी तिचा हात धरीन असं तिच्या आईला सांगितलं होतं, आणि मी तो सोडला. मुलांना पाठवा, असं मी आज म्हणणार नाही. ते मी एकदा म्हटलंय. तुम्ही मुलांबरोबर या. काठावर बसा. डोळे उघडे ठेवा. मीही शिकणार आहे. पहिलं नाव माझं लिहा."

मग एक बाक करकरला. बेकरीवाले उठले होते. ते मधल्या वाटेने सरळ दारापर्यंत गेले आणि बाहेर पडले. वहिनी त्यांच्या मागे गेल्या नाहीत. त्या बसून राहिल्या आणि पहिल्यांदाच, सगळ्यांच्या देखत, मोकळ्या आवाजात रडल्या. त्यांच्या पुढच्या बाकावरची बाई वळली आणि म्हणाली, "वहिनी, त्या चिमणीनं माझ्या धाकट्याला शिट्टी वाजवायला शिकवली होती. तुम्हाला कधी सांगितलंच नाही मी." मागून कुणी म्हणाले, "तो केक आठवतो का? बिनसाखरेचा?" वहिनी रडता रडता हो म्हणाल्या. इतकी वर्षे प्रत्येकाने आपापल्या घरी झाकून ठेवलेली ती पोर त्या दिवशी बाकाबाकांवरून बाहेर येऊ लागली.

तुम्हाला वाटेल, आता सगळे ठीक झाले असेल. तसे झाले नाही. पहिल्या वर्षी वर्गाला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच मुले आली. बेकरीवाले मुलांसाठी दर शनिवारी गरम पाव पाठवत, पण तलावाकडे त्यांनी कधी पाऊल टाकले नाही. टेलिफोनताईंना नुसता कठडा सोडायलाच कितीतरी शनिवार लागले. मास्तर म्हणत, "ताई, सोडा तो. कठडा कुठे पळून जात नाही." शेवटी त्या पोहायला शिकल्या. काठावर बसलेल्या वहिनींनी ते पाहिले. दोघी मैत्रिणी झाल्या नाहीत. चर्चमध्ये त्या आपापल्या बाकांवरच बसत राहिल्या. पण दर वसंतात ती एक सूचना ताईच देत, आणि दर वर्षी चिमणीची काहीतरी एक आठवण सांगत. हळूहळू वर्गातली मुले वाढत गेली. आईबाप काठावर दाटीवाटीने बसू लागले. संडे स्कूलमध्ये चिमण्यांचे गाणे परत आले.

मग ताईंना मोठे दुखणे आले. त्या वसंतात सूचना द्यायला वहिनी स्वतः पुढे आल्या. त्या कधी माईकवर बोलल्या नव्हत्या. त्यांनी माझ्या फार जवळ तोंड आणले. कपड्यांना ताज्या पावाचा वास होता.

"चिमणीचा वर्ग शनिवारपासून आहे," त्या म्हणाल्या. "टेलिफोनताई येणार नाहीत. त्यांना बरं नाही. बोलवत नाही फार, पण ऐकू येतं. भेटायला जा. त्या एकट्या असतात."

त्या स्वतः रोज सकाळी ताईंकडे पाव घेऊन जात, असे मी नंतर ऐकले. तेथे दोघींत काय बोलणे झाले, माफी झाली की नाही, हे मला ठाऊक नाही. ज्या घरात माईक नसतो, तेथले माईकने सांगू नये. ताई उन्हाळा लागण्याआधी गेल्या. त्यांच्या अंत्यविधीला बेकरीवाले पहिल्या बाकावर बसले होते आणि प्रवचनभर जागे होते.

त्यानंतर चर्चमध्ये नवी यंत्रणा आली. आता पाळकसाहेबांच्या कॉलरला बोराएवढा माईक लावतात. मला दांडीवरून काढताना मी हातातून निसटलो आणि माझे डोके चेपले. "राहू दे, जुनाच आहे," कुणीतरी म्हणाले. तेव्हापासून मी या कपाटात आहे. माझी काही तक्रार नाही. जमले तर एखाद्या सफाईला माझ्यावरची धूळ तेवढी पुसा.

मागणे मात्र एक आहे. मित्रांनो, तुमच्या वर्गात, शेजारात, नात्यात असे एखादे घर असेल, जिथले लेकरू गेले आहे. तुम्ही त्या घरी जाल आणि ते नाव तुमच्या ओठांवर येऊन परत फिरेल. ते परत फिरवू नका. नाव घेतले तर त्यांना आठवण होईल, अशी भीती तुम्हाला वाटते. मित्रांनो, ते विसरलेलेच नसतात.